रंगीत नकाशा, तीन प्रती

झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटांत झालं असतं ते काम मी घरी तीन दिवस केलं आणि शेवटी बिघडवून दिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून भल्या शेवटाची आशा धरायला नको. आमच्या खात्यात प्रकरणाच्या वरती असा गोषवारा लावायची पद्धत होती. साहेब लोक तेवढाच वाचत आणि सही करत. तुम्हाला पुढचंही वाचायचं असेल तर वाचा, माझी हरकत नाही.

काम भागीचं होतं. मी ज्या आश्रमशाळेत बावीस वर्षं मुख्य लिपिक होतो, तिथे भागी स्वयंपाक करायची. तिची वाडी कशेळ्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. नवरा धाऊ वारला त्याला सहा वर्षं झाली. खाली ओढ्याकाठी भाताची चार खाचरं आणि वर उतारावर नाचणी-वरीचा माळ, एवढी तिची जमीन. पण कागदावर ती जंगलखात्याची. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्याला अशी जमीन नावावर करून मिळते, तो वनहक्काचा दावा तिने लावला होता. खाचरांतलं भात संक्रांतीपर्यंत पुरतं, तिथून पावसापर्यंत घर नाचणीवर चालतं. म्हणजे माळ हातचा गेला तर निम्म्या वर्षाची भाकरी गेली. हे तिने सोमवारी सकाळी माझ्या बैठकीत, जमिनीवर बसून सांगितलं. खुर्चीवर बस म्हटलं तरी ती बसत नाही, आणि पुढे पुढे मीही म्हणायचं सोडून दिलं होतं.

"गुरवारी सुनावनी हाय, भाऊसाहेब," ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. "संस्थेच्या किशोरदादानं जमीन फिरून नकाशा केलाय. त्यो गेलाय जव्हारला, फोन लागत नाय. रंगीत नकाशा पायजे, तीन परती. त्ये मी दुकानात काढते. तुमी हा अर्ज तेवढा वाचून बघा."

मी अर्ज वाचला. पहिल्याच पानात अकरा चुका होत्या. निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताखाली चुका करणारं कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे ते पान बघून मला बरंच वाटलं असणार. मी म्हणालो, "अर्ज मी नव्याने टाइप करतो. आणि नकाशा दुकानात कशाला? माझ्याकडे रंगीत प्रिंटर आहे. दुकानवाले पान तिरकं काढतात, वर बोटांचे ठसे. सरकारी कागद कसा दिसतो यावर निम्मं काम असतं."

"तुमाला तरास," भागी म्हणाली.

"त्रास कसला."

हे दोन शब्द मी आता मागे घेतो.

प्रिंटर जावयाने दिलेला होता. त्याला पुढे चार छोट्या टाक्या, काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी, आणि बाटलीतून त्यांत शाई ओतायची. शेवटचा वापर मार्चमध्ये झाला होता, सोसायटीत पाणी जपून वापरण्याची सूचना छापायला. नंतर पाऊस लागला आणि तो प्रश्न आपोआप मिटला. पाच महिने मशीन टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालाखाली झाकून होतं. आमच्या घरात मान असलेल्या प्रत्येक वस्तूवर हिने रुमाल घातलेला आहे.

अर्जाचं पहिलं पान बाहेर आलं तेव्हा त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. प्रत्येक ओळीचा मधला भाग गायब. अक्षरांना वर शिरोरेषा होती, खाली पाय होते, पोट नव्हतं. नकाशाचं पान त्याहून वाईट. हिरवी खाचरं पट्ट्यापट्ट्यांची झाली होती, आणि भागीचं नाव लिहिलेल्या जागी नुसते ठिपके.

दहिवलीतल्या आमच्या सोसायटीत खाजगी असं काही राहत नाही. मशीनची घरघर वरच्या मजल्यावर गेली आणि मालोजीराव खाली आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ जगातल्या कुठल्याही बिघाडाकडे कालव्याच्या नजरेने पाहतो. माझ्या गुडघ्यालाही त्याने एकदा गाळ साचलाय म्हणून सांगितलं होतं. दुर्दैवाने या वेळी त्याचं बरोबर होतं.

"शाई सुकून तोटीत बसलीय," तो म्हणाला. "जोरात सोडायची. मशीनमध्येच सोय असते सफाईची."

ती सोय सापडली. सफाईचं बटण दाबलं की मशीन दोन मिनिटं कण्हतं, भरपूर शाई पितं आणि पुन्हा तसंच रेघारेघांचं पान देतं. मालोजीरावांनी पाच वेळा बटण दाबायला लावलं. पाचव्या वेळी वीज गेली. ती दुपारी चारला आली तेव्हा मशीनवर तीन दिवे एकदम लुकलुकत होते, आणि माहितीपुस्तकात दोन दिव्यांपर्यंतचीच माहिती होती.

मंगळवारी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले. तीन दाबलं तर हिंदी बोलणारी मुलगी आली. तिने मला मशीनच्या पाठीवरचा सतरा आकडी क्रमांक विचारला. तो वाचण्यासाठी मला पालथं पडून टेबलाखाली बॅटरी घेऊन जावं लागलं, आणि त्याच वेळी भिशीच्या दोन बायका आल्या. त्यांनी माझा फक्त मागचा भाग पाहिला. हिने शांतपणे सांगितलं, "आमचे हे. काम चाललंय." सतरा आकडे सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली की वॉरंटी एप्रिलमध्ये संपली आहे, आणि इतर काही सेवा हवी आहे का. मी म्हणालो, नको.

मात्र त्या दिवशी दुपारी मशीनला काय वाटलं कोण जाणे, रेघा कमी झाल्या. अक्षरांना पोट आलं. पण आता ती फुटायला लागली. श्रावणातली आमच्याकडची हवा ठाऊक असणाऱ्याला हे सांगायला नको. पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलेला बुरशी येते. कागदाचं रीम पोळीसारखं मऊ पडलं होतं, आणि त्यावर शाई पडली की पसरायची. 'वनहक्क' हा शब्द केसाळ दिसत होता.

"कागद तांदळात ठेवा," शेजारच्या आनंदीबाई दारातूनच म्हणाल्या. "माझा मोबाइल पाण्यात पडला होता, तांदळात ठेवला, दुसऱ्या दिवशी वाजायला लागला. तांदूळ ओल ओढतो."

यात तथ्य वाटलं. शास्त्रीय वाटलं. हिच्या माहेरचा तांदूळ पोशीरहून आलेला होता, चांगला मोठा पिंप भरून. मी साठ कोरे कागद पिंपात घातले, वर चार ओंजळी तांदूळ पसरला आणि झाकण लावलं. छाया, म्हणजे माझी बायको, तेव्हा देवळात गेली होती. ती घरी असती तर हे प्रकरण इथेच थांबलं असतं, असं ती अजून आठवड्यातून एकदा सांगते.

कारण पोशीरचा तांदूळ एरंडेल चोळून ठेवलेला असतो. कीड लागू नये म्हणून. हे मला बत्तीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः पाट मांडून चोळायला बसलेलो आहे. पण कागदाचा विचार करताना तेल आठवलं नाही, आणि जेवताना कागद आठवत नाही.

बुधवारी सकाळी कागद काढले. कोरडे होते, खरंच कडक होते. मी ते कौतुकाने मशीनला लावले. पहिल्या पानावर शाई जागोजाग उभीच राहिली, थेंबाथेंबाने. दुसरं पान आत जाऊन अडकलं. तिसरं गेलंच नाही, कारण आतले रबरी रूळ तेलकट होऊन नुसते फिरत होते. मशीनमधून तळणीचा वास यायला लागला. छाया आली, एक कागद हातात घेऊन उजेडात धरला, त्यातून पलीकडची खिडकी दिसली.

"तांदळात ठेवलेत?" तिने विचारलं.

सेवेत असताना गैरसोयीच्या प्रश्नावर मी 'माहिती घेऊन कळवतो' असं लिहीत असे.

इथे एक शहाणा माणूस पेनड्राइव्ह खिशात घालून खाली उतरला असता आणि नाक्यावरच्या दुकानात तीन प्रती काढून घरी आला असता. छायाने तेच सुचवलं. पण तोपर्यंत अख्ख्या सोसायटीला माहीत झालं होतं की भाऊसाहेब भागीची फाइल छापताहेत. दुकानात मला पाहिलं असतं तर मालोजीरावांनी काही विचारलं नसतं, फक्त हसले असते. त्या हसण्यापेक्षा मला खोपोली जवळ वाटली.

खोपोलीला शिळफाट्यावर ऋतिक नावाचा एक प्रिंटर दुरुस्त करणारा आहे असं कळलं होतं. मशीन चादरीत बांधलं, मांडीवर घेतलं आणि एसटीत बसलो. एसटी भरलेली होती, रस्ता श्रावणातला होता. टाकीत शाई असलेला प्रिंटर आडवा करू नये, हे त्याच्या पाठीवर लहान अक्षरांत लिहिलेलं होतं. ती अक्षरं मी मंगळवारी पालथा पडून पाहिली होती, पण तेव्हा आकडे शोधत होतो. एका खड्ड्यात मशीन कलंडलं, मी ते पोटाशी धरलं, आणि मांडीला गार लागलं. खाली पाहिलं तर पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत पिवळीजर्द.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "बाबा, लगीन का तुमचं?"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एका राजपत्रित नसलेल्या पण राजपत्रितांना नियम दाखवून देणाऱ्या माणसाला हळदीच्या नवरदेवासारखं उतरावं लागलं, एवढंच नमूद करतो.

ऋतिक हुशार निघाला. स्पिरिटने रूळ पुसले, तोटी धुतली, काळ्या शाईचं चाचणीचं पान काढून दिलं. इतकं स्वच्छ की मला गहिवरून आलं. "काळा एक नंबर झालाय काका," तो म्हणाला. "निळा, गुलाबी पण ठीक. पिवळा मात्र सगळा तुमच्या पँटीवर गेला. नळीत हवा गेलीय, आणि पिवळी बाटली आज नाय माझ्याकडं. दोन दिवसांनी या."

"सुनावणी उद्या आहे," मी म्हणालो. "पण मजकूर काळाच असतो. मजकूर महत्त्वाचा."

तो खांदे उडवून दुसऱ्या मशीनकडे वळला. रंगांचं काय होतं ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन नवे कागद लावले. अर्ज पहिल्या झटक्यात आला, काळाभोर, समास सरळ, एकही चूक नाही. मी तो मालोजीरावांना दाखवायला वर नेला. मग नकाशा काढला आणि थोडा विचारात पडलो. हिरवा रंग निळा आणि पिवळा मिळून होतो, हे शाळेत शिकलो होतो. पिवळा नसल्यामुळे भागीची खाचरं निळी आली होती. चार तळ्यांचा दावा केल्यासारखं दिसत होतं. साहेबाने विचारलं असतं, मासे धरता का. म्हणून मी आनंदीबाईंच्या नातीकडून, आरोहीकडून हिरवं स्केचपेन आणलं आणि तिन्ही प्रतींवरची खाचरं नीट, रेघेबाहेर न जाता हिरवी केली. तासभर लागला. झाल्यावर मला ती दुकानातल्या प्रतीपेक्षा चांगली वाटली. तीन फाइली, तीन लेस, वर अनुक्रमणिका.

गुरुवारी साडेदहाला भागी प्रांत ऑफिसच्या पायऱ्यांवर भेटली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर इरलं नव्हतं, छत्री होती. मी फाइल तिच्या हातात दिली. अर्जाची पानं तिने एकेक करून उलटली. तिला वाचता येत नाही. नकाशावर मात्र ती थांबली. बोट ठेवलं, ओढा धरून वर नेलं, आणि बोट कोऱ्या कागदावर थांबलं.

"वरचा माळ कुठं हाय?"

"कुठला?"

"नाचनीचा. किशोरदादाच्या मोबाइलात पिवळा होता. हितं कायच नाय."

मी पाहिलं. खरंच नव्हता. किशोरने माळ पिवळ्याने भरला होता आणि त्याची हद्दही पिवळीच आखली होती, त्यामुळे नुसता रंग गेला नव्हता, माळच गेला होता. मी तासभर त्या कागदावर वाकून बसलो होतो आणि काय नाही ते मला दिसलं नव्हतं.

माझ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, रंगीत झेरॉक्सची पाटी होती. दुकान उघडं होतं, आत दिवा होता. पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. सुनावणीला अर्धा तास होता. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं.

मी म्हणालो, "अगं, शाईचा थोडा फरक पडतो. नकाशा नुसतं जोडपत्र असतं. माळ अर्जात लिहिलाय ना, दीड एकर, चतुःसीमेसकट. साहेब अर्ज वाचतात."

"पर चित्रात नाय," भागी म्हणाली.

"चित्रावर काही ठरत नाही, भागी. मला बावीस वर्षांचा अनुभव आहे."

तिने फाइल मिटली. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. भाऊसाहेब म्हणतात तर पुढे काय बोलायचं, म्हणून. एवढं मला कळत होतं.

आत साहेबांनी फाइल उघडली आणि अर्जाची पानं सरळ उलटून टाकली. एकही ओळ न वाचता ते नकाशावर आले. लोक दहा पानं लिहितात, साहेबांना रोज चाळीस प्रकरणं असतात. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. इतकी वर्षं साहेब काय वाचतात आणि काय वाचत नाहीत ते बघत आलो होतो, पण तो अनुभव मी पायरीवर वापरला नाही.

"खाचरं दिसतात," साहेब म्हणाले. "माळ म्हणता तो कुठेय?"

भागीने पुढे होऊन कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं. हा ओढा, हितनं वर. धाऊनं बांध घातलाय दगडांचा. सासऱ्याच्या टायमाची दोन मव्हाची झाडं हायत."

"नकाशात नाही."

मी मागच्या बाकावरून उभा राहिलो. "साहेब, तांत्रिक बाब आहे. पिवळी शाई..."

"आपण अर्जदार का?"

"नाही, मी फक्त छपाई..."

"मग बसा."

तेवढ्यात शेजारच्या लिपिक मॅडमनी नकाशावरून अंगठा फिरवला आणि अंगठा साहेबांना दाखवला. सादळलेल्या हवेत स्केचपेन वाळलं नव्हतं. अंगठा हिरवा झाला होता. "सर, हा हाताने रंगवलाय."

साहेबांनी कागद उजेडात धरला, मागून बघितला. "मूळ नकाशात फेरफार केलाय? कुणी?"

मी पुन्हा उभा राहिलो. दुसरी प्रत दहा मिनिटांत आणतो म्हणालो. खिशातून पेनड्राइव्ह काढून वर धरला. साहेबांनी माझ्याकडे आणि त्या पेनड्राइव्हकडे बघितलं आणि म्हणाले, "एकदा रंगवलेला आणलात, आता बदललेला आणणार. राहू द्या. दाखल आहे त्यावर निर्णय होईल." मग ते पुढच्या माणसाचं नाव घ्यायला लागले. त्यांचं वागणं मला अपमानाचं वाटलं, आणि घरी पोहोचेपर्यंत मी माझ्या अपमानाचाच विचार करत होतो. भागी वाडीकडच्या जीपकडे कधी गेली ते मी पाहिलंसुद्धा नाही. याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

आदेश आला तो गणपती उठल्यावर. भागी बंद पाकीट घेऊन आली, नेहमीसारखी जमिनीवर बसली. मी चष्मा लावून पाकीट फोडलं. आयुष्यभर सरकारी कागद लोकांना मोठ्याने वाचून दाखवले होते.

"अर्जदार यांचा भातशेतीखालील तीस गुंठे क्षेत्रावरील दावा मान्य करण्यात येत आहे," मी वाचलं. "उर्वरित क्षेत्र सादर केलेल्या नकाशात दर्शविलेले नसल्याने ते विचारात घेता येत नाही."

"म्हंजे?"

"खाचरं तुझ्या नावावर झाली."

"आन्‌ माळ?"

"माळ नाही."

आतून छाया चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"परत वाचा," भागी म्हणाली.

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शब्द तेच होते. मग मी कागद खाली ठेवला आणि तिला सांगितलं की तिने पायरीवर दाखवलं तेव्हा मला चूक कळली होती, समोर दुकान उघडं होतं, आणि मी केवळ माझी फजिती नको म्हणून तिला गप्प बसवलं. हे बोलायला मला बराच वेळ लागला. तिने सगळं ऐकून घेतलं.

तिने आदेश उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कागद कडक होता, अक्षर न्‌ अक्षर ठसठशीत, खाली शिक्का निळाशार. कुठे एक रेघ तुटलेली नव्हती.

"ह्ये हापिसात छापलंय?" तिने विचारलं.

"हो."

"चांगलं छापलंय."

मी घाईने सांगायला लागलो की वर जिल्ह्याला अपील करता येतं, साठ दिवसांची मुदत आहे, अर्ज मी आजच लिहितो, नकाशाही या वेळी मी स्वतः उभा राहून...

"अर्ज तुमी लिवा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "तुमचं लिवनं चांगलं हाय. नकाशाचं मी बघते. तुमी नका तरास घेऊ."

रागावून म्हणाली असती तर मी काही बोलू शकलो असतो. पण मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली होती.